किरकोळ खर्चाचे सदर

एकट्याने दूरवर मोटार हाकणाऱ्या मराठी गृहस्थाची काटकसर ही स्वतंत्र विद्याच म्हटली पाहिजे. घरच्या दशम्यांवर नाशिक-धुळे ओलांडणारा, बिजासन घाटात पेट्रोल वाचावे म्हणून एसी बंद ठेवून घाम पुसणारा आणि टोलकपातीचा संदेश येताच ती कीर्दीत मांडणारा हा हिशेबी पुरुष रात्री इंदुरास पोचतो व, नुसते पाहण्यास दमडीही पडत नाही या शुद्ध अर्थशास्त्रीय विचाराने, राजवाड्यानजीकच्या सराफ्यात शिरतो. तेथे दिवसा सोनेचांदी तोलणाऱ्या पेढ्यांना कुलपे लागली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया चढतात. तुपादुधात शिजलेला भुट्ट्याचा कीस, थंडीचे दिवस असल्यास तळून मसाला भुरभुरलेला, वर लिंबू पिळलेला गराडू आणि शेवटी एकट्या माणसाच्या कोणत्याही अंदाजपत्रकात न बसणारा जलेबा! प्रत्येक जिन्नस सुटा पाहता स्वस्तच. म्हणून नोंद एकाचीही होत नाही. (बचतीचे बहुतेक शत्रू असेच सुटे येतात.) मध्यरात्रीनंतर वहीत ‘किरकोळ’ या सदराखाली जी एकठोक रक्कम पडते, ती धुळ्यात महाग म्हणून नाकारलेल्या थाळीहून कितीतरी मोठी असते. घरच्या हिशेबतपासनिसांनी ती विनाचौकशी मंजूर करावी, अशी माझी नम्र शिफारस आहे.