भातापासून भातापर्यंत: यंत्र बोलते करण्याची भोरची पद्धत

मराठीत खाचरात उभ्या असलेल्या पिकालाही भात म्हणतात आणि ताटात वाफाळणाऱ्या पदार्थालाही भातच म्हणतात. मधल्या एका टप्प्याला तेवढे तांदूळ हे वेगळे नाव आहे. भोरच्या बाजारात इंद्रायणी घेणारा पुणेकर फक्त तांदळाला ओळखतो. राब भाजणे, चिखलणी, लावणी, झोडणी हा सगळा प्रकार त्याच्यासाठी झालेलाच नसतो. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. सोर्स कोड म्हणजे खाचरातला भात. तो गिरणीतून काढला, म्हणजे कंपाइल केला, की शिजवता येतो. बहुतेक माणसे पिशवीतला तांदूळ आणतात आणि सुखी असतात. हे मार्गदर्शन उरलेल्यांसाठी आहे.

आमचा कार्यक्रम कोणता, ते आधी सांगतो. भोरच्या काकांना बारीक अक्षर दिसेनासे झाले आहे आणि वर्तमानपत्र दुसऱ्याकडून वाचून घेणे त्यांना मंजूर नाही, कारण वाचणारा अग्रलेख गाळतो. तेव्हा घरातल्या जुन्या लॅपटॉपलाच मराठी वाचायला लावावे, असे ठरले. त्यासाठी ई-स्पीक एनजी हे मुक्त सॉफ्टवेअर निवडले. मजकूर दिला की ते आवाज तयार करते. त्याचे मूळ जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ पासून एकॉर्न संगणकांसाठी लिहिलेल्या ‘स्पीक’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये आहे, आणि एनजी ही शाखा २०१५ मध्ये फुटली. यात कोणा माणसाने बोललेले शब्द ध्वनिमुद्रित केलेले नाहीत. आवाज मुख्यतः गणिताने घडवलेला आहे. त्यामुळे प्रकरण काही एमबींत मावते, आणि त्यामुळेच आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. अंध माणसे संगणकावर वापरतात त्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरबरोबर वर्षानुवर्षे हाच आवाज आला आहे. मराठी त्याला येते.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी सूचना: उबुंटूवर एक ओळ टाइप केली की हे सॉफ्टवेअर तयार तांदळासारखे येऊन पडते. मिनिटभराचे काम. अशा वाचकांनी इथेच थांबावे आणि आपल्या कामाला लागावे.

उरलात? मग साहित्य घ्या. एक लॅपटॉप, शक्यतो असा की ज्याची बॅटरीही गेली आहे आणि मदरबोर्डवरची ती रुपयाएवढी बॅटरीसुद्धा. एक फोन, हॉटस्पॉटसाठी. घराची गच्ची, कारण रेंज तिथेच असते. चहा दर अर्ध्या तासाला. आणि एक वडीलधारा माणूस, जो शेजारी बसून ‘आरं, बोलंल का नाय ह्ये?’ असे ठराविक अंतराने विचारील. या शेवटच्या घटकाशिवाय कृती सिद्धीस जात नाही. एकट्याने बसलेला माणूस दुसऱ्याच एररला उठून जातो.

आता अवजारे. बिल्ड-इसेन्शियल, ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल, पीकेजी-कॉन्फिग. ही नावे पाठ करायची नसतात, चुकल्यावर समजत जातात. (नव्या आवृत्त्यांत सीमेक नावाचा मुकादम आला आहे. मी १.५१ वर आणि जुन्या वाटेवर आहे. घाट बदलला तरी जुनी पायवाट सोडवत नाही.) सोर्स आणताना ‘गिट क्लोन’ला ‘डेप्थ १’ असे बजावावे. नाहीतर प्रकल्पाचा पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास तुमच्या रोजच्या दीड जीबी डेटातून उतरू लागतो. माणसाला विहीर हवी असते, भाटघरचे धरण नव्हे.

मग ‘ऑटोजेन’, मग ‘कॉन्फिगर’. कॉन्फिगर हा प्रोग्रॅम काही बनवत नाही, तो फक्त चौकशी करतो. सी कंपायलर आहे का? आहे. चालतो का? चालतो. अमुक हेडर आहे का? नाही. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींसारखा तो पडदा भरून प्रश्न विचारतो आणि शेवटी एक गोषवारा देतो. हा गोषवारा वाचावा. मी वाचला नाही. त्यात ‘पीसीऑडिओलिब: नो’ अशी एक साधी ओळ होती. लाल नाही, ठळक नाही. पुढचे सगळे बिनबोभाट पार पडले, प्रोग्रॅम तयार झाला, मी ‘नमस्कार काका’ असे टाइप केले, एंटर दाबले, आणि यंत्राने काहीही तक्रार न करता काहीही म्हटले नाही. पीसीऑडिओलिब हीच ती लायब्ररी, जी आवाज स्पीकरपर्यंत नेते. ती नसेल तर ई-स्पीक बोलते, पण फाइलीत. काका म्हणाले, “बोललं म्हंतोस, मंग कुणाशी?”

लायब्ररी तर होती! मी शोधून पाहिली. इथे नवशिक्या हमखास अडकतो. नुसती लायब्ररी असून भागत नाही, तिच्या नावापुढे ‘डीईव्ही’ ही तीन रोमन अक्षरे असलेले दुसरे पॅकेज लागते, कारण कंपायलरला लागणारे हेडर त्यात असतात. इंग्रजी न शिकलेला माणूस ती अक्षरे सरळ ‘देव’ अशीच वाचतो आणि त्याचे काही चुकत नाही. मूर्ती आहे, देऊळ आहे, देव तेवढा वेगळा आणावा लागतो. आणला. कॉन्फिगर पुन्हा चालवले. ‘येस’ आले.

आता ‘मेक’. घरात चार कोअरचे यंत्र असेल तर ‘मेक जे ४’ म्हणावे, म्हणजे चार फायली एकदम कंपाइल होतात. लावणीला चार बाया एका ओळीत असल्या की खाचर लवकर उरकते, तेच हे. फरक इतकाच की बाया गातात आणि लॅपटॉपचा पंखा किंचाळतो. पडद्यावरून इंग्रजी ओळींचा लोंढा वाहू लागतो. त्यात ‘वॉर्निंग’ दिसेल. घाबरू नये. वॉर्निंग म्हणजे वरंध घाटातली ‘दरड कोसळण्याची शक्यता’ ही पाटी. ती वाचून प्रत्येकजण पुढे जातो. एरर म्हणजे खरोखर पडलेली दरड. आणि एरर आलाच तर तळाची ओळ बघत बसू नये. वर, वर, अगदी पहिल्या एररपर्यंत जावे. घाटात काय झाले हे रांगेतल्या शेवटच्या ट्रकवाल्याला माहीत नसते.

आमच्याकडे या टप्प्यावर वीज गेली.

यावर शोक करू नये, कारण मेक हा हिशेबी गडी आहे. तो प्रत्येक फाइलीची वेळ पाहतो. सोर्सपेक्षा तयार झालेली फाइल नवी असेल तर तिला हात लावत नाही, जिथे सोडले तिथून पुढे लागतो. वीज आली, मी आज्ञा दिली, आणि तो म्हणाला की या फायली भविष्यकाळातल्या आहेत. घड्याळ बिघडल्याचा संशय आहे, बांधकाम अपुरे राहू शकते. खरेच होते. रुपयाएवढी बॅटरी मेल्यामुळे वीज जाताच लॅपटॉप कित्येक वर्षे मागे जाऊन पडला होता आणि त्याच्या दृष्टीने मी संध्याकाळी उतरवलेला सोर्स अजून लिहिलाच गेला नव्हता. यंत्राच्या जागी मी असतो तर मीही हात झटकले असते. फोन घेऊन गच्चीवर गेलो, नेट लावले, तारीख जागेवर आली. मेकने पुन्हा खाली मान घालून काम धरले.

‘सुडो मेक इन्स्टॉल’. या शब्दात ‘सूड’ आहे हे लक्षात ठेवून टाइप करावे. तो पासवर्ड विचारतो आणि तुम्ही टाइप करता तेव्हा पुष्कळ यंत्रांच्या पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही. कीबोर्ड बिघडला असे समजून पुष्कळांनी इथे लॅपटॉप आपटला आहे. आपटू नये. आंधळेपणाने टाइप करून एंटर द्यावा.

आणि एवढे झाल्यावर प्रोग्रॅम सुरू केला की तो म्हणतो, माझी लायब्ररी सापडत नाही. आत्ताच, त्याच्या डोळ्यांदेखत, ठेवलेली लायब्ररी! याचे कारण समजायला भोर-वेल्ह्याचा माणूस जगात सर्वांत लायक आहे. लायब्ररीला दोन-तीन नावे असतात. एक खरे, लांबलचक, आवृत्तीच्या आकड्यासकट. बाकीची नुसती त्याच्याकडे बोट दाखवणारी. आमच्याकडे तोरण्याला प्रचंडगड म्हणतात, रोहिड्याला विचित्रगड. भाटघरचे धरण एके काळी लॉइड धरण होते आणि त्याच्या पाण्याचे नाव येसाजी कंक जलाशय. वेल्हे तालुक्याला सरकारने राजगड हे नाव दिले, तरी एसटीत तिकीट मागताना तोंडातून वेल्हेच बाहेर पडते, आणि माणूस पोहोचतो. तो पोहोचतो कारण कंडक्टरच्या डोक्यात कोणते नाव कुठे नेते याची यादी ताजी असते. लिनक्सच्या डोक्यातली यादी आपोआप ताजी होत नाही. ‘एलडीकॉन्फिग’ अशी आज्ञा सुडोसकट द्यावी लागते, मग तो सगळ्या नावांची पुन्हा नोंद करतो. एवढी एक आज्ञा न दिल्यामुळे किती लोकांनी पहिल्यापासून सगळे पुन्हा कंपाइल केले असेल, याची कल्पना करून मला बरे वाटते.

दिली. यंत्र बोलले. पण थांबा, ‘व्ही एमआर’ हा पर्याय देऊन मराठी आवाज निवडायचा असतो. ते एकदा केले. वेग मुळात मिनिटाला १७५ शब्द असतो. अग्रलेख या वेगाने ऐकला तर संपादक कुणाच्या तरी मागे धावतोय असे वाटते. काकांसाठी १२० वर आणला.

इथे साधारण मार्गदर्शन संपते. आमचे इथे सुरू झाले.

मराठीतला च, ज, झ दोन तऱ्हांनी उच्चारला जातो आणि लिहिला मात्र एकाच तऱ्हेने जातो. चंद्रातला च टाळूला लागतो, चांदण्यातला दातांमागे. ‘माझी’ म्हणताना जीभ एकीकडे, ‘माझा’ म्हणताना दुसरीकडे. इ, ई, ए आणि य यांच्या अलीकडे तालव्यच, एवढा नियम धरून बरेच मार्गी लागते. पण चंद्र आणि चांदणे यांत तो नियम कामाचा नाही, तिथे शब्द कुठून आला हे ठाऊक असावे लागते. आणि काही ठिकाणी तेही पुरत नाही. ‘जरा’ म्हणजे थोडे, आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण. अक्षरे तीच, कान्याचा फरक नाही, उच्चार दोन. मराठी मूल हे कुणी न शिकवता शिकते. यंत्राला कुणीतरी बसून सांगावे लागते. आमच्या यंत्राने बातमीतले ‘जरा’ असे काही म्हटले की काका खुर्चीत ताठ झाले. “म्हातारपनाचं काय काढलंय पेपरात?”

आता कळेल की तांदूळ आणून भागले असते तरी खाचरात का उतरावे. सोर्सच्या ‘डिक्टसोर्स’ या फोल्डरात मराठीच्या दोन साध्या मजकुराच्या फायली असतात, एक नियमांची आणि एक अपवादांची: ‘एमआर रूल्स’ आणि ‘एमआर लिस्ट’. कोणत्याही साध्या एडिटरात उघडतात. अपवादांच्या फाइलीत एका ओळीवर शब्द लिहायचा आणि त्यापुढे त्याचा उच्चार, रोमन अक्षरांच्या सांकेतिक लिपीत. मग त्याच फोल्डरातून ‘ई-स्पीक एनजी, कंपाइल बरोबर एमआर’ अशी आज्ञा द्यायची. सगळे पहिल्यापासून बांधावे लागत नाही, फक्त मराठीचा शब्दकोश पुन्हा दळून निघतो, तोही क्षणात. ‘एक्स’ हा पर्याय दिला तर यंत्राने शब्द कसा समजून घेतला ते लिहूनही दाखवते. म्हणजे चूक ऐकूही येते आणि दिसतेही.

‘जरा’चा निकाल काकांनी दिला. पेपरात येते ते थोडे, पोथीत येते ते म्हातारपण; यंत्र पेपर वाचणार, सबब दातांमागचा ज. मी ओळ लिहिली, दळली, यंत्र म्हणाले, काकांनी मान हलवली. इतका स्वच्छ न्यायनिवाडा भोरच्या राजवाड्यातही झाला नसेल. मग त्यांना चटक लागली. रोज संध्याकाळी पाच-सहा शब्द. कपूरहोळचा ळ नीट वाजतो का पाहिले, आंबवडे झाले, शेजारच्यांचे आडनाव झाले, ते ऐकायला शेजारीही आले.

ही वार्ता वेल्ह्याच्या मामांपर्यंत गेली आणि दिवाळीला ते स्वतः आले. त्यांनी लॅपटॉपसमोर बसून एकच शब्द टाकायला सांगितला: गुंजवणे. राजगडाच्या पायथ्याचे गाव, मामांच्या अंगणातले. त्यातला ज दाताचा की टाळूचा, यावर मामांनी एक मत दिले. काकांनी लगेच दुसरे दिले. मामा म्हणाले, गाव आमच्याकडचं, तुम्ही कोण सांगणार? काका म्हणाले, यंत्र आमच्या घरात आहे. फराळ निवला. मी दोन्ही उच्चार आलटून पालटून दळून ऐकवले, तर प्रत्येकाला आपलाच बरोबर वाटला आणि दुसऱ्याचा वाजवणे हा अपमान वाटला.

ती ओळ मी तूर्त काढून टाकली आहे. बातमीत गुंजवणे आले की यंत्र आपल्या मनाने काय ते म्हणते, आणि काका खुर्चीतून आणि मामा फोनवरून एकदम ओरडतात, “चूक!” त्या ‘चूक’मधला च मात्र दोघांचाही दातांमागचाच असतो.