शाळा सुटली, साचा राहिला

आपल्या संभाजीनगरातही काही पालक मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवू लागलेत. शाळेतली चित्रकला म्हणे साचेबंद! मग घरी काय चालतं? आई मोबाइलवर व्हिडिओ लावते, पोरगं व्हॅन गॉगची तारांकित रात्र पायरीपायरीने उतरवून काढतं आणि बाबा इंटरमिजिएट परीक्षेमुळे दहावीला किती गुण वाढतात याची चौकशी करतात. रंगांची पेटी अर्थात परदेशी. इथून शंभरेक किलोमीटरवर, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, गेरू, पिवळी माती आणि काजळी वापरून कुणी अनाम चितारी पद्मपाणी रंगवून गेले. ग्रेड न मिळवताच. घरशाळेला सुट्टीची वाट पाहावी लागत नाही. तेव्हा रविवारची गर्दी टाळा, मधल्या वारी पोराला घेऊन जा. फक्त सोमवारी नको, लेणी बंद असतात.