माय माय माय, केसांवर इस्त्री!

ऐकलंत का? यवतमाळात आता कपडे चुरगळलेले चालतात, केस चालत नाहीत. ज्या घरात शर्टाची घडी गादीखाली ठेवली की झाली इस्त्री, त्याच घरातली पोट्टी सकाळी कॉलेजला निघण्याआधी आरशासमोर उभी राहून केसांना दोनशे अंशांचा चटका देते. एकेक बट चिमट्यात धरायची, वरून खाली ओढायची, पुन्हा धरायची. एवढं सगळं झालं की डोळे तेवढे उघडे ठेवून डोक्याला स्कार्फ गुंडाळायचा आणि स्कुटीला किक मारायची. दारव्हा रोडवरून जाणारी कोणती पोट्टी कोणाची, हे तिच्या सख्ख्या बापाला सांगता येत नाही. मग ते सरळ केस पाहिले कोणी? स्कार्फच्या आतल्या बाजूनं!

बरं, हे केस सरळ करायचं मशीन घराघरात आहे, पण कोणाच्याच मालकीचं नाही. विचारून बघा. "थे माह्यं नाही वं, माह्या मावसबहिनीचं हाय, पुसदले जाताना इसरून गेली." मावसबहीण विसरून गेली त्याला दोन दिवाळ्या झाल्या. दुसऱ्या घरी ते नणंदेचं असतं, तिसऱ्या घरी पुण्यात शिकणाऱ्या भाचीचं. वणीपासून उमरखेडपर्यंत सगळ्या मशिनी अशा विसरलेल्या. विकत घेतलेली एकही नाही. आणि दुकानदार मात्र दसऱ्याच्या आधी नवा माल भरतो. कोणासाठी भरतो, देव जाणे.

म्हाताऱ्यांचा पहिला आक्षेप बिलाचा. "इतलं मीटर फिरते नं, मंग बिल कोन भरन?" आता या बाबतीत मी पोट्टीच्या बाजूनं आहे, कारण मी हिशेब केलाय. घरगुती मशीन साधारण चाळीस वॅटचं. रोज अर्धा तास चालवलं तरी एक युनिट जळायला पन्नास दिवस लागतात. कपड्यांची इस्त्री हजार वॅटची, तिला कोणी बोलत नाही. आणि मार्चपासून मृगापर्यंत बैठकीत घुरघुरणारा तो कूलर? त्याच्यासमोर पाय पसरून बिलाची काळजी करणाऱ्यांनी ऐकावं: कूलर एका रात्रीत जेवढी वीज ओढतो, तेवढ्यात पोट्टीचे पन्नास दिवस निघतात.

खरं लफडं वेगळंच आहे, आणि ते ऐकून मला घाम फुटला. पोरी तेल लावून मशीन फिरवतात! खोबरेल चोपडून, वर चिमटा! भज्यांचं तेल एकशे ऐंशी अंशांच्या आसपास तापलं की आपण गॅस कमी करतो, आणि या मशिनीचा काटा दोनशे तीसपर्यंत जातो. म्हणजे डोक्यावर काय चाललंय हे वेगळं सांगायला नको. वासावरून शेजारीण विचारते, आज काही तळलं का. दुसऱ्या काही जणी ओल्या केसांवरच सुरू करतात. चर्र आवाज येतो, वाफ निघते आणि त्यांना वाटतं मशीन काम करतंय. काम करतंयच. केसाच्या आत शिरलेलं पाणी उकळतं, वाफेचे बारीक फुगे धरतात आणि केस नेमका तिथंच तुटतो. त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे या प्रकाराला रीतसर नाव आहे, फुग्यांचा केस. मग तीच पोट्टी आईला सांगते, बोअरच्या पाण्यानं केस गळून राहिले. बोअरच्या पाण्यात क्षार आहेत, केस राठ होतात, हे खरं. पण बिचाऱ्या बोअरवर सगळंच कसं ढकलायचं?

आणि एवढं करून टिकतं किती? दुर्गोत्सव बघा. आपल्या यवतमाळचा दुर्गोत्सव म्हणजे कोलकात्याच्या खालोखाल, हे कोणीही यवतमाळकर पहिल्या पाच मिनिटांत सांगतो, पाहुण्यानं विचारो न विचारो. त्या नऊ रात्री संध्याकाळी पाचपासून गल्लीगल्लीत चिमटे तापतात. सातला केस काचेसारखे. आठला देवीच्या दर्शनाची गर्दी. नऊला गरबा. साडेनऊला डोक्यावर पुन्हा तेच जंगल. यात देवीचा कोप वगैरे काही नाही. केसातल्या प्रथिनाचे काही बंध कच्चे असतात, उष्णतेनं सुटतात आणि गार होताना नव्या आकारात जुळतात. घामाचा, दमट हवेचा थेंब लागला की पुन्हा सुटून जुन्या जागी जातात. गंधकाचे पक्के बंध असतात ते चिमट्याला भीक घालत नाहीत. ते तोडायला पार्लरमधलं रसायन लागतं. उलट वैशाखात आपल्याकडं पारा पंचेचाळिसाला टेकतो, हवा पार कोरडी, तेव्हा केस जसेच्या तसे राहतात, पण तेव्हा माणूस राहत नाही.

पार्लरचं नाव काढलंच आहे तर एवढंच सांगते, तिथल्या काही केराटिनवाल्या बाटल्यांमधून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइडचा धूर निघतो, डोळे चुरचुरतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं त्याला माणसात कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात बसवलंय. वर हजारो रुपये मोजायचे. त्यापेक्षा मावसबहिणीची विसरलेली मशीन बरी.

हे खूळ आपल्याच पोट्ट्यांचं, असं समजणाऱ्यांनी पॅरिसकडं बघावं. तिथं १८७०च्या दशकात मार्सेल ग्रातो नावाच्या केशभूषाकारानं तापवलेल्या चिमट्यानं बायकांच्या केसांत लाटा पाडल्या आणि त्यावर श्रीमंत झाला. तेव्हा काटा नव्हता, बटण नव्हतं. चिमटा आधी कागदावर टेकवून बघायचा, कागद करपला तर थांबायचं. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या पोरींनी लाटा नकोत म्हणून इस्त्रीच्या फळीवर डोकं टेकवलं आणि मैत्रिणीकडून केसांवर कपड्यांची इस्त्री फिरवून घेतली. आता आपल्याकडं ऐका: ज्यांचे केस जन्माचे सरळ, त्या त्याच चपट्या मशिनीत बट धरून मनगट फिरवतात आणि कुरळे करतात. सरळवाल्या कुरळ्या, कुरळ्यावाल्या सरळ! एकमेकींशी डोकी बदलून घ्या म्हणावं, बिल वाचेल.

पुरुषांनी फार हसू नये. चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स नीट बघा. शुभेच्छुकांच्या रांगेतल्या अर्ध्या पोट्ट्यांची कपाळावरची झुलपी अशी सपाट आहे, की ती निसर्गानं केली असेल तर निसर्गाला यवतमाळात दुकान टाकायला हरकत नाही. एका निवृत्त गुरुजींबद्दल तर असं ऐकलंय, की कानामागची उरलेली बट डोक्यावरून पलीकडं नेण्याआधी ते तिला हळूच चिमट्यातून काढतात. मी पाहिलं नाही. ज्यांनी पाहिलं, त्यांनी मला शपथ घालून सांगितलं.

केसांवर गावानं बोलायचं आणि दोष पोरींना द्यायचा, ही रीतच. जानेवारी २०२५मध्ये तिकडं बुलढाण्यात, शेगाव तालुक्यात, गावंच्या गावं धसकली. आठवडाभरात लोकांची टकलं पडली, म्हाताऱ्यांची, पोरांची, सगळ्यांची. आयसीएमआरचं पथक आलं. इकडं आमच्या ओट्यावर निकाल त्याच संध्याकाळी लागला: "शाम्पू आन् मशिनी! दुसरं काय?" पुढं डॉ. हिम्मतराव बावस्करांनी बोट दाखवलं ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडं. ओट्यावर मात्र कोणी निकाल मागे घेतला नाही. गव्हाला बोलण्यात तशी मजा नाही.

आणि लग्नं! अक्षय तृतीयेच्या आसपासचं लग्नघर, एक खोली, एक बोर्ड, चालू असलेला एकच प्लग. त्यावर नवरीच्या मैत्रिणी, दोन काकू, वरमाय, आणि मोबाइल चार्ज करायला आलेला डीजेवाला. घाटंजीकडच्या अशाच एका लग्नात नवरीच्या मावशीचा नंबर शेवटी लागला. आयुष्यभर अंबाडा घातलेली बाई, "मी बाई कशाला" म्हणत म्हणत बसली. डावी बाजू झाली, खांद्यावर रेशमासारखी पडली, आणि लाईन गेली. इन्व्हर्टर नव्हता. मुहूर्त थांबत नाही. अर्धं डोकं सरळ, अर्धं पिंजलेल्या कापसागत, अशी मावशी मंडपात गेली आणि तिनं फोटोग्राफरला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. आता अल्बम आलाय. प्रत्येक फोटोत मावशीची मान उजवीकडं वळलेली आहे, अक्षता टाकतानासुद्धा. उजवीकडं पंगतीची टेबलं होती. नवऱ्याकडच्यांचं ठाम मत झालंय, की बाईचं सगळं लक्ष वरण-पोळीत होतं.