वळग गाळी ऐत्री

आमच्या निपाणी-बेळगाव पट्ट्यात थंडी पडते, यावर पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचा विश्वास बसत नाही. "कर्नाटकात कसली आलीय थंडी?" असं ते विचारतात, कारण त्यांच्या मते कर्नाटक इडलीपासून सुरू होतं आणि सांबारापाशी संपतं. अशा नातेवाइकांना डिसेंबरात पहाटे पाच वाजता तवंदी घाटात नेऊन उभं करावं. बेळगाव समुद्रसपाटीपासून जवळपास अडीच हजार फुटांवर आहे, आणि निपाणीहून तिकडं जाताना हा घाट चढावा लागतो. स्तवनिधीच्या आसपास धुकं उतरलं, की पुढं चाललेल्या उसाच्या ट्रॅक्टरची दुसरी ट्रॉलीसुद्धा दिसत नाही. रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्यांवरून ट्रॅक्टर जवळ आला असावा असा अंदाज बांधायचा.

अशा एका पहाटे मी सासूबाईंना आणायला बेळगावातल्या शहापूरला निघालो होतो. काच धुरकटली म्हणून हीटरची खुंटी निळ्यावरून लाल टिंबाकडं फिरवली. भस्सकन वारा आला. गार. खुंटी आणखी फिरवली. आणखी गार. लाल रंगाचा अर्थ गरमच ना, अशी मला शंका येऊ लागली. आमच्याकडं रंगांचं काही खरं नसतं. कुठला झेंडा कुठल्या चौकात कोणत्या तारखेला लावायचा यावरून इथं वातावरण हीटरशिवाय तापतं.

संकेश्वरात रस्त्याकडेला एक गॅरेज उघडलेलं दिसलं. मिस्त्री टायर पेटवून शेकत बसला होता. त्यानं बोनेट उघडलं, कान लावला, इंजिन दोनदा रेस करायला लावलं आणि म्हणाला, "वळग गाळी ऐत्री."

इथं माझ्या कन्नडबद्दल सांगायला हवं. मी निपाणीच्या मराठी शाळेतला मराठीचा मास्तर. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या तेव्हा आमचं गाव या बाजूला राहिलं, १९६७ साली महाजन अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. एवढ्या काळात मला कन्नड येऊ नये असं नाही, पण निपाणीत मराठीवर भागतं, त्यामुळं माझं कन्नड बाजारापुरतं राहिलं. 'एष्टु', 'कम्मी माडरी', 'स्वल्प'. मिस्त्रीला म्हटलं असतं, "कळलं नाही बाबा, मराठीत सांग," तर त्यानं मराठीत सांगितलं असतं. संकेश्वरात कुणालाही येतं. पण सीमाभागातला मास्तर आपल्याला एखादी भाषा येत नाही हे कबूल करत नाही. त्यातून मला 'गाळी' हा शब्द अगदी स्वच्छ कळला होता. वळग म्हणजे आत. गाळी म्हणजे गाळ. आत गाळ साचलाय. मी मान हलवून म्हणालो, "हौदु, हौदु."

तो आणखी काहीतरी म्हणाला, "ईग तग्योणेन्री?" असं. त्यालाही मी "हौदु, हौदु" म्हणालो, गाडीत बसलो आणि निघालो. आरशात बघितलं तर तो हातात पाना घेऊन रस्त्यात उभा होता. मला वाटलं, निरोप देतोय.

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर सासूबाई माकडटोपी आणि दोन शाली घेऊन बसल्या होत्या. त्यांना मी समजावलं, की काळजी नको, रोग सापडलाय. हीटर म्हणजे काही वेगळी शेगडी नसते. इंजिन थंड ठेवायला त्याच्याभोवती पाणी फिरतं, ते गरम होतं, त्यातलं थोडं डॅशबोर्डच्या मागं बसवलेल्या वहीएवढ्या छोट्या रेडिएटरमधून जातं, आणि पंखा त्यावरून हवा ढकलतो. म्हणजे इंजिनाची फुकट चाललेली ऊब आपण वापरतो. सासूबाई म्हणाल्या, "मग ती ऊब कुठं जायलाय हो, जावईबापू? हिकडं तर न्हाई."

"गाळ साचलाय," मी म्हणालो.

निपाणीतला आमचा मिस्त्री जुना आहे. त्याच्या 'उद्या'ला कोर्टाच्या तारखेइतकाच मान आहे. सहाव्या उद्याला त्यानं गाडी घेतली. "गाळ हाय म्हणता? कुणी सांगितलं?" मी संकेश्वरच्या मिस्त्रीचं नाव घेतलं. "मग आसंल की," तो म्हणाला. एका मिस्त्रीनं दुसऱ्या मिस्त्रीचं निदान इतक्या सहज मानल्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग असावा. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

त्यानं हीटरचे दोन पाइप सोडवले आणि एका पाइपात नळाची नळी खुपसली. दुसऱ्यातून जे आलं ते बघून मी समाधानानं सुस्कारा टाकला. टपरीवरच्या कडक चहाचा हुबेहूब रंग. वर्षानुवर्षं कुलंटऐवजी बोअरचं पाणी ओतल्यामुळं आतली गंजकट सगळी बाहेर येत होती. (कुलंट हे फक्त बर्फाच्या मुलखात पाणी गोठू नये म्हणून असतं, असा आपल्याकडं पक्का समज आहे. गंजाला मात्र बर्फ लागत नाही.) अर्ध्या तासानं पाणी स्वच्छ आलं. गाळ होता, निघाला. माझं कन्नड सिद्ध झालं.

गाडी सुरू केली. हीटर लावला. वारा पूर्वीपेक्षा गार.

दुसरं असं, की पंखा तीनवर टाकताच आतून तपकिरी भुकटी उडाली आणि मी, मिस्त्री आणि त्याचा पोरगा असे तिघं ओळीनं शिंकलो. आमची गाडी तंबाखूच्या वखारीशेजारी उभी असते. निपाणीची हवा ही मुळात जर्द्यात हवा मिसळून केलेली असते. पंख्याच्या पोटात इतक्या वर्षांची तंबाखू जमली होती. मिस्त्रीनं बोटानं थोडी उचलली, वास घेतला आणि म्हणाला, "माल चांगला हाय."

मग मी स्वतः लक्ष घातलं. पुस्तकात वाचलं होतं, की डॅशबोर्डच्या आत एक झडप असते. गरम हवा आणि गार हवा यांच्या मधोमध ती कोगनोळीच्या नाक्यासारखी उभी असते आणि कुणाला किती सोडायचं ते ठरवते. खुंटीला जोडलेली तिची तार निसटली तर सगळी गारच हवा आत येते. तपासायला मी ड्रायव्हरच्या सीटवर पाय आणि पायाजवळ डोकं अशा स्थितीत आत गेलो. तार जागेवर होती. झडप खुंटीसरशी टक्कन इकडून तिकडं जात होती. मला तिथं एक पाच रुपयांचं नाणं, तीन शेंगदाणे, मुलाची दहावीतली हरवलेली रबरी पट्टी आणि पाठीत उसण, एवढं सापडलं. दाराशी बायको उभी राहून म्हणाली, "मी सकाळपास्नं सांगतो, आत काहीतरी गुळगुळ वाजतंय."

पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगायला हवं, की आमच्या बाजूला बायका "मी सांगतो, मी जातो, मी आलो" असंच म्हणतात. लग्नानंतर पहिल्यांदा पुण्याला गेलो तेव्हा हिनं माझ्या आत्तेला "मी स्वयंपाक करतो" म्हटल्यावर आत्तेनं कौतुकानं माझ्याकडं बघितलं होतं.

"कसली गुळगुळ?"

"गाडी चालू केली की. कोणीतरी चूळ भरल्यासारखं."

"तुझी हवा आहे," मी म्हणालो. पुढं काय निघणार होतं याची मला कल्पना असती, तर हे वाक्य मी दुसऱ्या शब्दांत बोललो असतो.

मिस्त्रीकडं पुन्हा गेलो. त्यानं या खेपेला काट्याकडं बघितलं. गाडी दहा किलोमीटर पळवूनसुद्धा तापमानाचा काटा तळाशीच लोळत होता. "हां. थर्मोस्टॅट वॉल आडकलाय," तो म्हणाला. हा वॉल म्हणजे लिंबाएवढी वस्तू. आत मेण असतं. पाणी तापलं की मेण फुगतं, झडप उघडते आणि मगच पाणी पुढच्या मोठ्या रेडिएटरकडं जातं. तोवर ते इंजिनातच फिरून गरम होतं. झडप उघडी अडकली तर पाणी सारखं रेडिएटरकडं पळतं, रस्त्यावरचा वारा लागतो आणि इंजिन कधी धड तापतच नाही. मग हीटरनं गरम हवा आणायची कुठून?

त्यानं चार नट काढून झाकण उघडलं. आम्ही दोघं वाकून बघू लागलो. आत वॉल नव्हता. अडकलेला नाही, बिघडलेला नाही. मुळात नव्हताच.

"कुणी काढला हो ह्यो?" मिस्त्री संतापून म्हणाला. "काय अक्कल हाय का न्हाई लोकांना?"

मी काही बोललो नाही. कोपऱ्यातून त्याचा पोरगाच म्हणाला, "मामा, त्या उन्हाळ्यात तुमीच काढलासा की. गाडी गरम व्हाय लागली तवा."

थोडा वेळ गॅरेजात फक्त कॉम्प्रेसरचा आवाज. मग मिस्त्री शांतपणे म्हणाला, "उन्हाळ्याला काढायचाच आसतो. आपल्या देशात लागत न्हाई त्यो." हे वाक्य मी आजवर इतक्या गॅरेजांत ऐकलंय, की थर्मोस्टॅटबद्दल देशात एकमत आहे असं म्हणायला हरकत नाही. गाडी गरम का होते ते शोधण्यापेक्षा गरम होऊ देणारी वस्तूच काढून टाकणं सोपं. नवा वॉल आणला. त्यावर ८२ आकडा कोरलेला होता. इतक्या अंशाला उघडायचं, असा त्याचा अर्थ. बसवल्यावर काटा कसा रुबाबात अर्ध्यावर येऊन थांबला. मी हीटर लावला.

गार.

त्यानंतर चौथ्या दिवशी बायको आणि सासूबाईंना घेऊन शहापूरला गेलो तेव्हा मेव्हण्यानं त्याच्या ओळखीच्या मिस्त्रीकडं गाडी घातली. पांढऱ्या मिशांचा माणूस. मराठीत नमस्कार, पोराला कन्नडमध्ये हुकूम आणि गाडीला उर्दूत शिव्या. पु. लं.नी 'गणगोत'मध्ये बेळगावचे रावसाहेब रंगवले तेव्हापासून बाहेरच्यांना अशी भाषा गमतीची वाटते. इथं ती कामाची आहे. त्यानं इंजिन चालू केलं, डॅशबोर्डला कान लावला, ती चूळ भरल्याची गुळगुळ ऐकली आणि पोराला म्हणाला, "गाळी ऐतो."

"गाळ काढला की निपाणीत," मी म्हणालो. "चहासारखा आला."

मिस्त्री माझ्याकडं बघत राहिला. बायको म्हणाली, "गाळ न्हवं हो. गाळी. हवा धरलीय म्हणायलेत ते."

"गाळी म्हणजे हवा?"

"मग काय?"

"आणि संकेश्वरवाला…" मी त्याचं शेवटचं वाक्य आठवून आठवून म्हणून दाखवलं. ईग तग्योणेन्री.

ती मिस्त्रीच्या स्टुलावर बसली. हसू आवरल्यावर म्हणाली, "आत्ता लगेच काढूया का, विचारत होता बिचारा. तुम्ही काय म्हणालात?"

हौदु हौदु म्हणून मी गाडी घेऊन पळालो होतो.

औषध अगदीच साधं निघालं. पाणी कमी झालं किंवा पाइप सोडवल्यावर ते पुन्हा नीट भरलं नाही, की आत हवेचा फुगा अडकतो. हीटरचा छोटा रेडिएटर उंचावर, फुगा तिथं जाऊन बसतो आणि गरम पाण्याला आत शिरू देत नाही. निपाणीत गाळ काढताना आणि वॉल बसवताना आम्ही पैसे देऊन आणखी हवा भरून घेतली होती. म्हाताऱ्यानं पुढची चाकं गॅरेजच्या उतारावर चढवून गाडीचं तोंड आभाळाकडं केलं. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत चहा. (गरम रेडिएटरचं झाकण उघडणाऱ्या माणसाचं तोंड कसं होतं, ते त्यानं आम्हाला एका शेजाऱ्याचं उदाहरण देऊन सांगितलं.) मग झाकण काढून इंजिन चालू, खुंटी पूर्ण लालवर. तो रबरी पाइप गाईचं दूध काढावं तसा दाबत होता आणि दर दाबाला रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडा येत होता. आधी सुपारीएवढा, मग वाटाण्याएवढा, मग मोहरीएवढा. प्रत्येक बुडबुड्याबरोबर पातळी खाली जाई आणि पोरगा हिरवं कुलंट ओतत राही. वीस मिनिटांनी एक मोठा ढेकर आला. गाडीला, म्हणजे. मी आत हात घातला तर जाळीतून धुराड्यासारखी ऊब येत होती. थोडी तंबाखूही.

दुसऱ्या दिवशी पहाटे निपाणीला परत निघालो. सासूबाई मागं दोनपैकी एकाच शालीत. संकेश्वर आलं तसं मला राहवेना. गाडी त्या गॅरेजपाशी थांबवली. मागं दोघी गाढ झोपलेल्या. मिस्त्री टायर पेटवून बसलेलाच होता. मी काच खाली करून गरम हवेचा झोत दाखवला. तो हसला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मागून ओरडला, "हिंदिन गाल्याग गाळी कम्मी ऐत्री!"

आता मला सगळं कळत होतं. गाळी म्हणजे हवा. कम्मी म्हणजे कमी. हवा कमी झाली म्हणतोय, अभिनंदन करतोय. मी अंगठा दाखवून मोठ्यानं म्हणालो, "हौदु, हौदु!" आणि गिअर टाकला. आरशात तो पुन्हा रस्त्यात उभा होता, हात हलवत.

स्तवनिधीच्या अलीकडं गाडी डावीकडं ओढायला लागली. कडेला घेऊन उतरलो तर मागचं चाक रिमवर बसलेलं. कन्नडमध्ये चाकाला गाली म्हणतात, ही माहिती मला बायकोनं झोपेतून उठून काच न उघडता दिली. मी थंडीनं वाकड्या झालेल्या बोटांनी नट सैल करत होतो. इंजिन चालू होतं, आत हीटर चालू होता, काचांवर ऊब धरली होती. जॅक लावायचाय, जरा उतरा, असं सांगायला मी मागचं दार उघडलं.

"जावईबापू," शालीतून आवाज आला, "दार लावा की लवकर. गरम गाळी भाईर जायलीय."