न बसायचं तिकीट

परदेशात दोन-तीन महिने निवांत राहायला निघालेल्या माणसाकडे सगळ्यात आधी काय मागतात, तर तिथून निघून जायचं तिकीट. तारखेसकट. निघायची तारीख ठरलेली असती तर तो स्वतःला निवांत कशाला म्हणवून घेता? पण हा प्रश्न विचारायला फॉर्मात जागा नसते. फॉर्मात जागा फक्त उत्तरांना, तीही मोठ्या लिपीत, एका चौकोनात एक अक्षर.

त्यातून वकिलातींच्या सूचना सहसा अशा की, व्हिसा हातात पडेपर्यंत तिकिटाचे पैसे भरू नका, नुकसान झालं तर आम्ही जबाबदार नाही. आणि अर्जाला जाण्यायेण्याच्या तिकिटाचं आरक्षण जोडा, नाहीतर अर्ज अपुरा धरू. दोन्ही सूचना एकाच पानावर. तिकीट काढू नका आणि तिकीट दाखवा. तर्कशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाने इथे हाय खाल्ली असती. आपल्याकडच्या ट्रॅव्हल एजंटने त्यावर धंदा उभा केला.

त्या मालाला डमी तिकीट म्हणतात. पाचशे-हजारात मिळतं. त्यावर तुमचं नाव असतं, पासपोर्टवर आहे अगदी तसंच. विमानाचा नंबर असतो, तो खरा. सहा अक्षरांचा पीएनआर असतो, तोही खरा, निदान परवापर्यंत. पैसे न भरता अडवून ठेवलेली जागा एक-दोन दिवसांत आपोआप सुटते. एजंट विचारतो, "काका, साधं देऊ की व्हेरिफायेबल?" साधं म्हणजे नुसता कागद. व्हेरिफायेबल म्हणजे कोणी खरंच तपासायला गेलं तर कंपनीच्या यादीत तुम्ही सापडता. खोट्यातसुद्धा पहिल्या प्रतीचं आणि दुसऱ्या प्रतीचं असतं, आणि दोन्हींची पावती मिळते.

निवडणुकीत डमी अर्ज भरतात, तसलाच हा प्रकार. फक्त तिथे छाननी झाली की डमी निमूट माघार घेतो आणि खरा उमेदवार लढतो. इथे छाननीत डमीच पास होतो. खऱ्याकडे कोणी बघतच नाही.

आणि त्याने पास का होऊ नये? त्याचं चारित्र्य बघा. चौदा तारखेला पोचतो, सत्तावीसला निघतो, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. त्याची हॉटेलं आधीच ठरलेली असतात, फुकट रद्द करता येणारी, आणि ती रद्द व्हायचीच असतात. दिवसवार कार्यक्रमाच्या तक्त्याप्रमाणे तो सकाळी नऊला संग्रहालय बघतो, दुपारी राजवाडा, संध्याकाळी नदीतून फेरी. त्याचं पोट बिघडत नाही. पाऊस आला म्हणून तो खोलीत लोळत नाही. त्याच्या बायकोला एखादं गाव आवडून ती "अहो, अजून चार दिवस राहू या की" असं म्हणत नाही. तिला काही आवडतच नाही, तिला नुसतं निघायचं असतं. निघायच्या दिवशी दोघं तीन तास आधी विमानतळावर हजर. आणि हे दोघंच नाहीत. कुठल्याही दिवशी बँकॉकहून क्वालालंपूरला, बालीहून सिंगापूरला, हो चि मिन्ह सिटीहून नॉम पेन्हला जाणाऱ्या विमानांच्या याद्यांत असली मंडळी मिसळलेली असतात. खिडकीजवळची जागा, शाकाहारी जेवण, सामान नाही. उद्या-परवा विरून जातील, पण आज त्यांच्यासारखं शिस्तीचं माणूस जगात नाही. मुदत ओलांडायची नाही, काम मागायचं नाही, आजारी पडून कुणाच्या सरकारी दवाखान्यात जायचं नाही. सगळ्या देशांना असाच पाहुणा हवा असतो. तो जन्मालाच आलेला नाही, एवढी एक खोट सोडली तर. माझ्या डमीने आजवर जितके देश वेळेवर सोडले, तितके मी पाहिलेलेही नाहीत. पुढेमागे कुठल्याशा देशाने नागरिकत्व द्यायचं ठरवलंच, तर ते त्याला मिळेल आणि मला त्याच्याकडे जायला आमंत्रणपत्र लागेल.

यावर कोणी म्हणेल, माणूस परत जाईल याचा काही पुरावा नको का? हवा ना. पण थायलंडचं बघा. जुलै २०२४ मध्ये त्या देशाने भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहायची मुभा दिली. वर १,९०० बाट भरून आणखी ३० दिवसांची मुदतवाढ मागायची सोयही ठेवली. म्हणजे नव्वद दिवसांचा रस्ता सरकारनेच आखलेला, पाटी लावलेली, टोल ठरवलेला. आता मुंबईच्या विमानतळावर या. चेक-इनच्या काउंटरवरची मुलगी विचारते, "साठ दिवसांच्या आत बाहेर पडायचं तिकीट?" तिला सांगा, की मी तिथे जाऊन रीतसर मुदतवाढ घेणार आहे, कायद्यातच तरतूद आहे, तिकीट मग काढीन. झालं. बॅग पट्ट्यावरून खाली, तुम्ही बाजूला, मागच्यांचे उसासे. तिकडचा कायदा म्हणतो मुदतवाढ मागा. इकडचा काउंटर म्हणतो मागणार नाही याचा पुरावा द्या. तुमच्या मागे उभा असलेला तरुण रांगेतल्या रांगेत मोबाइलवर पाचशे रुपयांचं तिकीट घेतो, ते दाखवतो आणि तुमच्या देखत आत जातो.

त्या मुलीला बोलण्यात अर्थ नाही. सीमेवरून माघारी पाठवलेल्या प्रवाशाला परत आणायचं ओझं विमान कंपनीवर पडतं, युरोपात तर वर माणशी हजारो युरोंचा दंड. तेव्हा बॅगांचं वजन करता करता तिलाच सीमेवर पहारा द्यावा लागतो. पगार बॅगा मोजण्याचाच मिळतो.

बरं, पोचलात. साठ दिवस संपत आले. आता मुदतवाढीची कचेरी. टीएम-७ नावाचा फॉर्म, चार बाय सहा सेंटिमीटरचा फोटो, पासपोर्टच्या पानांच्या झेरॉक्स आणि प्रत्येक झेरॉक्सवर आपलीच सही: हा मीच, हे पानही माझंच, हा शिक्काही माझ्यावरच मारलेला. आपल्या फोटोवर आपण सही करून, तो आपलाच असल्याचं आपणच सांगायचं. घरमालकाने तुम्ही उतरल्याची वर्दी चोवीस तासांत दिली नसेल, तर काही ठिकाणी तेही पाप खिडकीवर तुमच्याच नावावर निघतं. बाहेर झेरॉक्सवाली बाई बसलेली असते. आतल्या साहेबाला काय लागतं हे आतल्या साहेबापेक्षा तिला जास्त माहीत. ती न विचारता फोटो कापते, डिंक लावते, फॉर्मात बोटाने जागा दाखवते: इथे, इथे, इथे.

त्या फॉर्मात 'मुदतवाढीचं कारण' अशी एक ओळ आहे. तिथे सगळी दुनिया 'पर्यटन' लिहिते. गेल्या साठ दिवसांत काय केलंत? पर्यटन. पुढच्या तीस दिवसांत काय करणार? पर्यटन. उबेने हिचे गुडघे दुखायचे थांबलेत, असं कोणी लिहीत नाही. खालच्या खानावळवालीला आता न सांगता आमच्या वाटणीची मिरची कळते, असं कोणी लिहीत नाही. पुण्यात पाइपलाइनचं खोदकाम चालू आहे, धूळ बसेपर्यंत इथेच बरं आहे, हेही नाही. खरं कारण प्रत्येकाकडे असतं आणि ते प्रत्येक जण खिशात ठेवून बाकावर बसतो. न मागता मुदत ओलांडलीत तर दिवसाला ५०० बाट दंड, म्हणजे चार दिवसांतच मुदतवाढीच्या फीपेक्षा महाग. एवढा एक हिशेब त्या कचेरीत सरळ आहे.

इंडोनेशियात पोचल्यावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा, तो एकदाच आणखी ३० दिवस वाढतो आणि चुकलात तर दंड दिवसाला दहा लाख. दहा लाख रुपिया, पण आकडा ऐकून घाम फुटायचा तो फुटतोच. व्हिएतनाम २०२३ च्या ऑगस्टपासून ९० दिवसांचा ई-व्हिसा देतं. तो संपला की लोक देशाबाहेर जातात आणि नवा घेऊन पुन्हा येतात. तिकडे याला व्हिसा रन म्हणतात. थायलंडच्या नोंग खाईहून मेकाँगवरच्या पुलाने पलीकडे लाओसात जायचं, शिक्का घ्यायचा, कॉफी प्यायची, परत यायचं. माणूस तोच, बॅग तीच, खोलीवर ओले कपडे वाळत घातलेले. पण कागदोपत्री तो देश सोडून गेला, आणि आता जो आलाय तो नवाच कोणी आहे. नियम झाले कडक, त्यामुळे आता हे दर वेळी जमेलच असं नाही, पण मुद्दा तो नाही.

मुद्दा हा, की मला आता हसू येत नाही. तीन वर्षांची प्राप्तिकराची विवरणपत्रं, सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट, त्यावर बँकेचा शिक्का, शिक्क्यावर सही, आणि सही करणारा साहेब जेवायला गेलेला. नोकरीत असाल तर साहेबाचं ना-हरकत पत्र. निवृत्त असाल तर तुमच्या जाण्याला आता कोणाचीही हरकत उरलेली नाही, हे कोणाकडून लिहून आणायचं? एकटी बाई निघाली तर "एकट्याच?" हा प्रश्न काचेमागून येतो, त्याला कुठला कागद जोडायचा? घर विकत घ्यायला यापेक्षा कमी कागद लागतात. आणि हे कशासाठी, तर आमचे घामाचे पैसे तुमच्या देशात खर्च करण्यासाठी! दुकानदार गिऱ्हाइकाला दारात अडवून "तू परत घरी जाशील ना नक्की?" असं विचारत नाही हो. त्याहून चीड येते ती आपल्या लोकांची. हे सगळं आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की, खोटं तिकीट लावणाऱ्याला आपण हुशार म्हणतो आणि खरं लिहिणाऱ्याला वेड्यात काढतो.

आमच्या सोसायटीत असे एक वेडे आहेत. गणिताचे निवृत्त सर. युरोपातल्या शेंगेन देशांचा नव्वद-एकशेऐंशीचा नियम ज्यांना खरोखर कळला, असे मला माहीत असलेले ते एकमेव गृहस्थ. कुठलाही दिवस धरा, तो धरून मागचे १८० दिवस मोजा, त्यात तिकडच्या हद्दीत काढलेले दिवस ९० च्या वर जाता कामा नयेत. पोचल्याचा दिवस धरायचा, निघाल्याचाही धरायचा. सरांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून लाल पेनाने हे सगळं आखलं. मग कलमं वाचली. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा, त्यात आजारपणात मायदेशी परत आणण्याचा खर्च धरलेला हवा, मृत्यूचाही. सर काकूंना म्हणाले, "म्हणजे मेलो तरी परत येणार, याची हमी आधीच घेतलीये त्यांनी. मग जिवंतपणाचं तिकीट कशाला?" मुदतवाढीचं कलम त्यांना फारच आवडलं. मजा येतेय म्हणून तिथे मुदत वाढत नाही. हाताबाहेरचं संकट ओढवलं तर वाढते, तीही फुकट. गंभीर वैयक्तिक कारण असेल तर ३० युरो. आनंदाला कलमच नाही.

आणि मग सरांनी अर्जासोबतचं पत्र खरंखरं लिहिलं. आम्ही दोघं सावकाश हिंडणार आहोत, आवडेल तिथे थांबणार आहोत, नव्वद दिवसांच्या आत परत येऊ. घरी गणपती बसतो, त्यामुळे त्यापुढे राहायची आमचीच तयारी नाही. परतीचं तिकीट व्हिसा मिळाल्यावर काढू, तसं आपल्याच सूचनांत म्हटलं आहे, पान अमुक, परिच्छेद तमुक. मुलगा म्हणाला, "बाबा, एक डमी लावून टाका ना, सगळे लावतात." सर म्हणाले, "ज्या विमानात मी बसणार नाही, त्याचं तिकीट मी माझ्या सहीने जोडू?" चाळीस वर्षं उत्तर मागच्या पानावर बघून लिहिणाऱ्या पोरांचे मार्क कापण्यात गेलेली. सवय जात नाही.

नकाराचा कागद छापील असतो. कारणांची यादी आणि शेजारी चौकोन. सरांची फुली ज्या चौकोनात होती त्याचा मतलब असा, की व्हिसाची मुदत संपण्याआधी आपण आमच्या हद्दीतून निघून जाल, याविषयी आम्हाला रास्त शंका वाटते. बी विंगमधल्या ज्या जोडप्याने व्हेरिफायेबल लावलं होतं, ते त्या आठवड्यात पोर्टोहून सोसायटीच्या ग्रुपवर सूर्यास्त टाकत होतं.

पासपोर्ट घ्यायला गेले तेव्हा सरांनी फीबद्दल विचारलं. जून २०२४ पासून माणशी ९० युरो, दोघांचे १८०. काचेमागचा मुलगा म्हणाला, "फी परत मिळत नाही, काका."

"गेली ती गेली?"

"हो."

"मग तिच्याकडे नाही मागितलंत परतीचं तिकीट?"

मुलाने चष्म्यावरून पाहिलं, म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हाल का," आणि पुढचं टोकन पुकारलं.