प्रवेशाच्या दिवसांतले वेडे

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की घराघरांत शहाणपणाला उधाण येतं. मागच्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या डाउनलोड होतात आणि ज्या कॉलेजचा आकडा मोठा त्याचं नाव वर, या एकाच नियमाने विकल्प अर्ज भरला जातो. अशा वेळी कुणी म्हणालं, ‘‘आधी कॉलेजं बघून तर येऊ,’’ की त्याला वेड लागलं असावं तसे सगळे त्याच्याकडे बघतात. मला या वेड्याची स्तुती करायची आहे, आणि ती मनापासून.

2025च्या इंजिनिअरिंग प्रवेशाआधी हा वेडेपणा मीही केला. भाचीला घेऊन लातूरहून निघालो. नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुणे, कराड, सांगली. सगळा प्रवास लालपरीने. तिला अर्धं तिकीट, मला पूर्ण. बहीण म्हणाली, ‘‘दादा, सगळं मोबाइलवर दिसतंय की! पावसापाण्यात कशाला वणवण?’’ मोबाइलवर इमारती दिसतात, हे खरंच आहे.

वेडा पहिल्यांदा ऑफिसात जात नाही, फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर जातो. कॉलेज सुटायच्या वेळी तिथे तिसऱ्या वर्षाची मुलं-मुली भेटतात, आणि त्यांना कुणी खोटं बोलायला शिकवलेलं नसतं. भाची विचारायची, ‘‘ताई, तास होतात का? लायब्ररी कितीला बंद होते? रात्री होस्टेलवर कुणी आजारी पडलं तर कोण नेतं?’’ एका ठिकाणी कळलं की प्रयोगशाळेतली यंत्रं प्लास्टिकखाली झाकलेली असतात आणि प्रॅक्टिकलचं जर्नल एकमेकांचं बघून उतरवतात. त्या कॉलेजचा कटऑफ चांगला तगडा होता.

तिथे मला कटऑफचा अर्थ लागला. कटऑफ म्हणजे मागच्या वर्षी शेवटी आत गेलेल्या मुलाचे गुण. तिथे किती जणांना जायचं होतं एवढंच तो सांगतो. आत काय शिकवतात, हे सांगत नाही. शिवाय एका कॉलेजच्या एकाच शाखेचा कटऑफही एक नसतो. होम युनिव्हर्सिटीचा वेगळा, बाहेरच्यांचा वेगळा, मुलींचा आणि प्रत्येक प्रवर्गाचा वेगळा. समर्थांनी दासबोधात मूर्खासाठी एक समास लिहिला आणि पढतमूर्खासाठी दुसरा. सगळे कटऑफ तोंडपाठ आणि कॉलेज एकही न पाहिलेलं, अशा माणसाची मला त्या दुसऱ्या समासामुळे काळजी वाटते.

वेडा कमानीवरचा फ्लेक्स वाचून भारावत नाही. सर्वांत मोठं पॅकेज मिळवणारा मुलगा एकच असतो. वेडा विचारतो, ‘‘साठांच्या वर्गातल्या तिसाव्या मुलाला काय मिळालं? आणि साठांपैकी नोकरी लागली किती जणांना?’’ सरासरीवरही तो विसंबत नाही, कारण एका मुलाच्या चाळीस लाखांनी सरासरी वर जाते, तिसावा मुलगा आहे तिथेच राहतो. नॅकची श्रेणी दाखवली की तो एनबीएबद्दल विचारतो. नॅक मोजतं सबंध संस्थेला, एनबीएची मान्यता शाखेपुरती असते; आणि मुलगी चार वर्षं बसणार असते ती एका शाखेत.

संस्थेच्या वयाला तो नमस्कार करतो. पुण्याचं सीओईपी 1854चं, मुंबईचं व्हीजेटीआय 1887चं, सांगलीचं वालचंद 1947चं, कराडचं शासकीय महाविद्यालय 1960चं. ही नावं पिढ्यांनी कमावलेली आहेत. पण नमस्कार झाला की आज शिकवतंय कोण, हे तो विचारतोच.

पैशाचा हिशोबही वेडा चार वर्षांचा मांडतो. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल, तर 2024-25पासून मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण मेस, खोली आणि प्रवासाचा खर्च घरच्यांच्याच खिशातून जातो. मोठ्या शहरातलं फुकट शिक्षण बापाला जड जाऊ शकतं, हे तो घरी बसूनच, वेळेत सांगतो.

शेवटी विकल्प अर्ज. त्यात तीनशे पर्याय भरता येतात. शहाणे आकड्यांच्या उतरत्या क्रमाने भरतात, वेडा मनाच्या क्रमाने. आवाक्याबाहेरचं कॉलेज वर ठेवलं तर एक संधी वाया जाते, अशी भीती लोकांना वाटते. ती खोटी आहे. जागावाटप गुणवत्तेनुसार, यादीच्या वरून खाली होतं. पहिलं नाही मिळालं म्हणून दुसऱ्यावरचा हक्क कमी होत नाही. मात्र पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. 2025पासून दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी मिळाला तरी तसंच. म्हणजे न पाहिलेलं कॉलेज नुसत्या नावासाठी वर टाकणाऱ्याला ते मिळालं, तर पुढच्या फेरीत बेटरमेंटची, म्हणजे दुसरा पर्याय मिळवण्याची, वाट राहत नाही. प्रामाणिक क्रम लावणाऱ्याला या नियमाचं भय नाही. म्हणून बारावीच्या प्रत्येक मुलाला आणि त्याच्या आईबापांना मी हात जोडून सांगतो: फॉर्म भरण्याआधी निदान दोन कॉलेजं पाहून या. एसटीचं तिकीट फार नाही, आणि वर्षं चार आहेत.

भाचीने कमी कटऑफचं एक कॉलेज पुण्यातल्या एका बड्या नावाच्या वर, पहिल्या क्रमांकावर ठेवलं. घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. पहिल्याच फेरीत तेच लागलं.

ऑगस्टमध्ये तिला सोडायला गेलो. फाटकाशी नवी मुलं होस्टेलचा रस्ता विचारत उभी होती. तिने ट्रंकेची एक कडी माझ्या हातात दिली, दुसरी स्वतः धरली आणि म्हणाली, ‘‘मामा, इकडून. लायब्ररीच्या मागून जवळ पडतं.’’