टायरचं भूत

भुताच्या सिनेमात भूत असायलाच हवं, ही अट मी कधीच सोडून दिली. ‘रबर’मध्ये (२०१०) चक्क एक टायर नुसता थरथरून माणसांची डोकी फोडतो. का? काही कारण नाही, असं सिनेमा सुरुवातीलाच बजावतो. इतका प्रामाणिकपणा हवेली-छाप पटकथांना झेपणार नाही. जपानी ‘हाउसु’त (१९७७) पियानो मुलीला खातो. तोहो कंपनीला हवा होता ‘जॉज’सारखा सिनेमा, दिग्दर्शक ओबायाशींनी सल्ला घेतला तो आपल्या शाळकरी लेकीचा. आपल्याकडे त्यासाठी लेखकांची फौज बसते आणि निघतं काय? कंदीलवाला चौकीदार, आणि नको म्हटलेलं दार उघडणारं शहरी जोडपं. भयपटवाल्या रामसे बंधूंना हसणाऱ्यांनो, त्यांचा ‘पुराना मंदिर’मधला राक्षस सामरी निदान मेकअप करून, वेळेवर कामाला तरी यायचा!